सातव्या ओळीवर

एप्रिल. सातपूरच्या तपासणी केंद्रात पंखा आहे, वारा नाही.
गांगुर्डे गठ्ठा ठेवून जातात,
सुतळीची गाठ अशी, की सोडवणाऱ्याला एक मार्क द्यावा.

प्रश्न तिसरा, ब. तीन संख्यांतली सर्वांत मोठी शोधा. गुण सहा.

निळ्या शाईतले प्रोग्रॅम.
महिरपी कंस कुणाचा मिशीसारखा,
कुणाचा उघडला तो उघडाच.
बोट ठेवून वाचते, ओठ हलवत, पोथी वाचावी तशी,
ए-च्या घरात पाच, बी-च्या घरात नऊ.
या खोलीत कंपायलर म्हणजे मी,
आणि मला साडेतीनला चहा लागतो.

पाठांतर लगेच कळतं.
चौघांनी एकच चूक एकाच जागी केलीय,
पुस्तकातली, छपाईची,
अगदी इमानदारीनं.

मग ही एक. नाव नाही, नुसता बैठक क्रमांक.
तीन संख्या सोडून दहा घेतल्यात.
समासात बारीक अक्षर: द्राक्षाचे मणी, मिलिमीटरमध्ये,
सोळाच्या खालचे बाजूला काढणे.
मोहाडीकडचं असेल कुणी,
पॅकहाउसात रिंग घेऊन दिवसभर उभं राहिलेलं.
लूप चालतो. मी दोनदा फिरून आले त्यातून,
दहाही मणी नीट बाहेर पडले.
फक्त सातव्या ओळीला अर्धविराम नाही.

आणि विचारल्या होत्या तीनच.

दुसाने सर चष्म्यावरून बघतात.
"नमुना उत्तर धरून चला, मॅडम. दोन द्या."
मी साडेचार म्हणते.
मेथीच्या जुडीसारखी घासाघीस होऊन
तीनवर येतो. लाल पेन. सही. पुढची.

रात्री पाथर्डी फाट्याला, पोरगा झोपल्यावर,
आठवून आठवून टाइप केल्या त्या अकरा ओळी,
अर्धविराम मुद्दाम न घालता.
क्षणात उत्तर आलं:
ओळ सात, इथे अर्धविराम हवा होता.
लालच अक्षरं, त्याचीही.
पण जागा दाखवली, आणि थांबलं,
कर्सर लुकलुकत.
टिंब आणि शेपटी टाकली. त्यानं दहा मणी मागितले, दिले.
सर्वांत मोठा: बावीस.

एवढंसुद्धा त्या लेकराला मी सांगितलं नाही.
तीनचा आकडा घातला आणि पान उलटलं.

अकरा ओळी तोंडपाठ होत्या.
बैठक क्रमांक काही केल्या आठवेना.