अर्धा तास

भोंगा बंद पडून वर्षं झाली,
आता यादगिरी जॉबरच्या खिशात मोबाइल वाजतो.
अक्कलकोट रोडच्या शेडमधून
दिवसपाळी हात पुसत निघते,
आणि जाताना जे जे अवघड
ते रात्रीच्या अंगावर टाकते:
संपत आलेला बीम,
डावीकडे ओढणारा चार नंबरचा माग,
ताण्यात लोंबणारी सतरा तुटकी टोकं.
रात्रीला कुठं साहेब असतो विचारायला?

सिद्धलिंग नवा, माळकवठ्याचा,
कामाचा अकरावा दिवस.
शिकवलं काय त्याला?
हिरवं बटण, लाल बटण,
आणि बोट सांभाळ.
जुन्याला दिवसा चार माग,
नव्याला रात्री सहा.
हा हिशेब कुणी मांडला
कुणालाच आठवत नाही.

सकाळी चादरीवरचा मोर
मानेत तुटलेला निघाला,
पगारातून दोनशे कापले.

यादगिरी भांडला नाही.
कॅबिनमध्ये गेला, चहाचा कप सरकवला,
टेबलावर तो मोर अंथरला.
म्हणाला, चूक बोटांची नाही शेठ,
बोटांना कुणी सांगितलंच नाही.

कबूल व्हायला तीन महिने लागले.
नव्याला आधी दोनच माग, तिसरा पंधरवड्यानं.
आणि पाळी बदलताना अर्धा तास
जाणारा, येणारा एकाच मागापाशी.
बालनरसू म्हणाला, अर्ध्या तासाचा पगार कोण देणार?
बरोबरच होतं त्याचं.
पाव तास याचा, पाव तास त्याचा,
आणि भरपाई महिन्याच्या हिशेबात,
असं वहीत लिहून घेतलं त्यानं, सहीसकट.

मग पोराचं बोट धरलं.
मेल्लगा, म्हणाला, मेल्लगा.
पोराला तेलुगू येत नाही,
म्हाताऱ्याला कन्नड तेवढंच, शिव्यांपुरतं.
तसंही त्या खडखडाटात
कुठलीच भाषा ऐकू येत नाही.
गाठ बसली.
सुटली.
पुन्हा बसली.

परवा सकाळी आठला
बालनरसू चार नंबरपाशी आला तर
लोखंडावर खडूनं लिहिलेलं,
वाकडं, काना चुकवून:
डवीकडं ओढतोय. मी अर्धा सरळ केला.
बाकीचा तुम्ही बघा.

त्यानं चष्मा पुसला,
खडू तसाच ठेवला,
आणि पाना मागितला.