देवदार नको

सहीचा कागद पुढे करण्याआधी
शेल्टरमधल्या टॅम्सिननं विचारलं, "भुसा कुठला घालणार?"
मला हसू आलं.
एकेचाळीस वर्षं गिरणीत लाल देवदार कापला, पोरी,
टेनेसीत भुशाला तोटा नाही,
माझ्या कोटाचा खिसा झटकलास तरी ओंजळभर निघेल.
ती हसली नाही.
"देवदार नको. त्याचा वास सापाला बाधतो.
ॲस्पेनचा घ्या. पांढरा, बिनवासाचा."

बिनवासाचं लाकूड,
तेही पैसे मोजून.

मक्याचा साप.
उचलून पोट दाखवलं तिनं, तेव्हा नाव कळलं:
शरदात आम्ही दारावर टांगतो त्या रंगीत कणसाचे
काळे-पांढरे दाणे, खाली शेपटीपर्यंत.
वीस वर्षं जगतो म्हणाली.
मी अडुसष्ट. आकडेमोड दोघांनीही केली,
बोललं कुणीच नाही.

खोक्याला सीटचा पट्टा लावून घरी आणला.

चार फूट लांब काचेचं घर.
एका टोकाला ऊब, पंच्याऐंशी फॅरनहाइट,
दुसरं टोक दहानं गार.
लपायला जागा दोन्हीकडे हवी,
कारण ऊब की आडोसा
यांतलं एक निवडायची वेळ त्याच्यावर येऊ नये.
(माणसांवर येते. पण ते तिला कशाला सांगा.)
उबेच्या चटईला थर्मोस्टॅट,
कारण आपण भाजतोय हे सापाला उशिरा कळतं.
पाण्याचं भांडं जड, कलंडणार नाही असं.
झाकणाला चार क्लिपा सांगितल्या होत्या, मी सहा लावल्या.

आठवडाभर हात लावायचा नाही.
हे जमलं.
व्हर्ना गेल्यापासून या घरात
कुणी कुणाला हात लावलेला नाही.

आठव्या दिवशी उंदीर.
फ्रीझरमध्ये, वाटाण्याच्या पिशवीशेजारी,
मग कोमट पाण्यात, मग चिमट्यात.
माझी बहीण अर्डेल हे बघून
चहाचा ग्लास तसाच टाकून गेली.
सापानं जीभ काढली, हवा चाखली,
आणि तोंड फिरवलं.
पुढल्या आठवड्यातही तेच.

टॅम्सिनला फोन केला.
"ठेवलाय कुठे?"
झोपायच्या खोलीत. तीच तेवढी उबदार राहते.
"तिथे आणखी काय आहे?"

पलंग आहे. दिवा आहे.
आणि पायथ्याशी पेटी,
लग्नाच्या वर्षी मीच केलेली,
एकही खिळा न मारता,
गिरणीतल्या सगळ्यात लाल फळ्यांची.
तो वास मला इतक्या वर्षांत येईनासा झालेला.

काचेचं घर हलवता आलं असतं.
ते सोपं होतं.
पण मी पेटीच उघडली, दोन वर्षांनी.
तिचे स्वेटर, घडीवर घडी,
एकालाही कसर नव्हती.
त्यासाठीच तर केली होती पेटी:
आत काही जगू नये,
म्हणजे लोकर जगेल.

फरफटत नेली मागच्या शेडमध्ये.
कंबर आठवडाभर बोलत होती.
खिडक्या उघड्या टाकल्या, कोट बाहेर टांगला,
हात कोपरापर्यंत धुतले.

तेवढ्यानंच झालं, की साप रुळला, की भूक लागली,
टॅम्सिनलाही सांगता येईना.
पण त्या गुरुवारी चिमटा इतक्या जोरात ओढला त्यानं
की मीच दचकलो.
मग जबडा सैल करून, सावकाश, उंदराचं डोकं आधी.
मी जेवायचं विसरलो.

दोन दिवस उचलायचं नाही, पचू द्यायचं.
तिसऱ्या दिवशी मनगटाभोवती फिरला.
गार नव्हता. खोलीएवढाच होता.

जूनमध्ये डोळे दुधाळ निळे झाले.
घाबरून पुन्हा फोन.
"काही नाही, कात टाकतोय. ओलसर शेवाळाचा डबा ठेवा."
पाचव्या सकाळी कात पडलेली,
अख्खी, मोजासारखी उलटी,
डोळ्यांच्या टिकल्यांसकट.

शेडमध्ये जाऊन पेटी उघडली.
करड्या स्वेटरवर ठेवली.
कातीला आता वास चालतो.