डावा खांदा

"अख्खा वेश एकाच सालातला नको,"
टाचण्या ओठांत धरून नेलिदा म्हणते,
"माणूस संग्रहालयातून पळाल्यासारखा दिसतो."
म्हणून हिमेनाच्या ठिपक्यांच्या झग्याखाली
तिचेच मळके कॅनव्हासचे बूट.
पट्ट्याला एक भोक जास्तीचं,
कुणीतरी खिळ्याने पाडलेलं.
घेरावर जुन्या दुमडीची फिकट रेघ:
झगा कधीतरी उसवून लांब केलेला,
म्हणजे यात कुणी मुलगी
दोन बोटं वाढली.

एवारिस्तोला कोट काही बसेना.
डावा खांदा वर चढतो.
नेलिदा अस्तरात हात घालते:
कापसाची एक जादा गादी, फक्त डावीकडे.
"ज्याचा होता, त्याचा हा खांदा उतरलेला असणार.
शिंप्याने सांभाळून घेतलं.
चारचौघांत कधी कळलंही नसेल."

कात्री तशीच हातात.
मग टाय रुंद की अरुंद यावर वाद,
माते चहाची नळी या ओठांतून त्या ओठांत,
मोंतेविदेओचा रविवार, समोरच्या गाळ्यावर
पितळी बटणांचा घासाघीस करून सौदा.

एवारिस्तो पैसे मोजतो.
गादी राहू दे, म्हणतो,
आणि आरशात बघत
उजवा खांदा जरासा
उचलून धरतो.