खळ

सोमवार सोडून रोज
मी या दालनात खुर्चीवर बसते.
काम एवढंच: हात लावू नका, हे न बोलता सांगणं.
चौदा किमोनो आडव्या दांड्यांवर बाह्या पसरून,
कुणाची तरी वाट अडवायला उभे असल्यासारखे.

सातवा माझा आवडता वगैरे नाही,
तो फक्त माझ्या समोर येतो.
राखी रेशीम, घोळाशी वेलीची जांभळट पानं,
त्यातलं एक अळीनं खाल्लेलं.
खरं नव्हे. रंगवलेलं भोक,
मोहरीएवढं, कडेनं गंजाच्या रंगाचं.

दर तासाला कोसुगी बाई माणसं घेऊन येतात,
भोकापाशी थांबतात, आवाज उतरवतात:
"ही आमच्या कानाझावाची रीत.
सुंदर गोष्टीला थोडं किडू देण्याची."
लोक माना हलवतात.
पहिले आठ दिवस मीही हलवली.

बुधवारी, बर्फाचं पाणी पाणी झालेल्या दुपारी
एक म्हातारा आला. छत्री बाहेर न ठेवता
काखेत धरलेली, ठिबकणारी.
बोटं आल्याच्या कुड्यासारखी.
एकही पाटी न वाचता सरळ सातव्यापाशी गेला
आणि वाकला.
मी अर्धी उठले.
"नाही लावत हात," तो म्हणाला,
"याला लावायचा तेवढा लावून झालाय."

मग मला म्हणून, की कापडाला म्हणून, कोण जाणे:
आधी निळ्या फुलाच्या रसानं रेषा.
रेषेवर तांदळाची खळ.
खळीच्या कुंपणात रंग. मग वाफ.
मग नदी, आणि नदीत मी.
असानोच्या पाण्यात मांड्यांपर्यंत, जानेवारीत.
पाणी गार तितका रंग शहाणा, असं मालक म्हणायचे,
काठावर, शेगडीपाशी बसून.
पाणी खळ नेतं, फुलाची रेषाही नेतं.
जिथे रंगाला येऊ दिलं नाही
तेवढी पांढरी वाट उरते, केसासारखी.
छत्तीस वर्षं
दुसऱ्यांची चित्रं पुसून मी पोट भरलं, बाई.

त्या हिवाळ्यात बोटांना काही कळेनासं झालेलं.
धारेत कापडाला घडी पडली,
सुटलेला रंग पानावर बसला. तीळभर.
हानेकावा साहेब दोन दिवस बोलले नाहीत.
तिसऱ्या दिवशी बारीक कुंचला घेतला
आणि डागाभोवती अळी जेवून गेली.

"माझा पगार कापलाच," तो म्हणाला,
"बक्षीस अळीला."

इतक्यात कोसुगी बाई आल्या, मागे बावीस जण.
थांबल्या. आवाज उतरवला.
म्हातारा सगळ्यांच्या मागे उभा,
पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा, मान तिरकी करून.
शेवटी त्यानं हात वर केला, शाळेतल्यासारखा.
"अळी कोणती?"
बाई हसल्या. लोक हसले.
तो नाही हसला. लवून नमस्कार करून गेला,
फरशीवर थेंबांची एक वाकडी रांग ठेवून.

संध्याकाळी दिवे घालवताना पाहिलं:
आधी जांभळं जातं, मग राखी,
पांढऱ्या रेषा जरा रेंगाळतात.
पाटीवर चित्रकाराचं नाव, साल, कापडाचे मालक.
खाली दोन बोटं जागा रिकामी.

गुरुवारी कोसुगी बाई लवकर आल्या,
डोळे सुजलेले, हातात कागद.
रात्रभर पुस्तकं चाळून
तीन अळ्यांची नावं काढली होती.
"यातली कोणती असेल?" मलाच विचारतात.

मी कागद घेतला.
तिन्ही नावं नीट वाचली, पुन्हा वाचली.
मधल्या नावावर बोट ठेवलं.