नस मारायची नाही

घणसोली गावठाणातला सर्वेश मढवी, वय आठ,
दप्तरासकट खुर्चीत बसलाय.
बाप म्हणतो, डॉक्टर, नस मारून टाका एकदाची,
तीन रात्री घर जागं आहे.

मी एक्स-रे उजेडाकडे धरते.
दाढ कायमची, पण मुळं अजून उघडी,
टोकाशी नरसाळ्यासारखी.
नस मेली तर ती तशीच राहतील
जन्मभर, पातळ, अर्धवट.

सूज म्हणजे मदतीला धावून आलेली माणसं.
गाल फुगतो, जागा करून देतो.
दात फुगत नाही.
सिडकोच्या एका खोलीत अख्खं वऱ्हाड शिरावं,
दार एकच, तेही चिंचोळं,
आणि गुदमरावा यजमानच,
तशी ठणकतेय ही.

नेरूळच्या कॉलेजात, तिसऱ्या मजल्यावर,
इन्क्युबेटरमध्ये माझ्या पेशी आहेत,
लोकांनी उपटून टाकलेल्या अक्कलदाढांतल्या.
आधी त्यांना चिडवते, जंतूंच्या भिंतीतला विखार घालून.
मग हळदीतलं ते पिवळं.
पाण्यात विरघळायला तयार नसतं,
एप्रनवरून मात्र निघत नाही,
थिसिसच्या बेचाळिसाव्या पानावरूनही नाही.
जास्त दिलं की पेशी मरतात.
कमी दिलं की ऐकत नाहीत.
मधे कुठेतरी एक आकडा आहे
जिथे आरडाओरडा थांबतो
आणि जगणं थांबत नाही.
मार्चपासून शोधतेय.

सर्वेशची आई पदराआडून पुडी काढते.
घरचीच आहे, परसातली, मीच उकडून वाळवलेली.
काल दाढेत दाबून भरली. चुकलं का माझं?
पोराची जीभ अजून पिवळी.
मला हसू येतं, मग रागही,
तिचा नाही.
बशीतलं थोडंफार कळलंय, ताई,
तोंडातलं अजून नाही.

सुई देते. दाढ उघडते.
वरचा आजारी भाग तेवढा काढते,
खालचा राहू देते.
ओला कापूस दाबून घड्याळ बघत बसते.
रक्त थांबलं, तर जगेल.
ट्रेमध्ये पांढरं सिमेंट तयार आहे,
वर्षानुवर्षं तपासलेलं, पुराव्यानिशी.
पिवळं नेरूळला, सदतीस अंशांवर.

दोन मिनिटं. तीन.
बाहेर ठाणे-बेलापूर रस्त्यावर कुणीतरी हॉर्न सोडतच नाही.
चौथ्या मिनिटाला कापूस उचलते.

दप्तर पोटाशी घट्ट धरून
सर्वेश तोंड उघडं ठेवूनच काहीतरी विचारतो.
शब्द कळत नाही.
बहुतेक, मेली का?