खालचा आकडा

रावपुऱ्यात, चष्म्याच्या दुकानावर,
जिना चढून डावीकडे तेजलबेनचा क्लास.
नाइट ड्यूटी उतरून मी तशीच येते,
बुटांना अजून फिनाइलचा वास.
बाकी सगळी विशीतली, कॅनडाला निघालेली.
मी सत्तेचाळीसची. माझा अर्ज आयर्लंडचा,
तिथल्या एका वृद्धाश्रमाचा.

तेजलबेन फळ्यावर लिहितात आय ॲम
आणि मधला ए बोटानं पुसून टाकतात.
त्या जागी, जरा वर, नखाएवढी खूण.
इथं कुणीतरी होतं, एवढंच सांगते ती.
आय'म. वी'ल. दे'ड.
शूड हॅवचा शूडव्,
छातीत दुखताना जिभेखाली ठेवतात
त्या गोळीसारखा विरघळलेला.

मला हसू येतं. आपल्याकडे काय वेगळं?
येतो आहे असं घरात कोण म्हणतं? येतोय.
नाही आहेचं नाहीये,
कुठे आहेसचं कुठंयस,
आणि बडोद्याचं म्हणून वर एक ने :
येतोयस ने?
आपण खूण ठेवत नाही, एवढंच.
गिळलं ते गिळलं.

पण कॅन आणि कॅन्ट!
हेडफोनमधली बाई येऊ शकते
की येऊ शकत नाही?
तीनदा चुकले.
शेजारचा धैवत म्हणाला, आंटी, टी शोधू नका,
टी नसतोच तिथं.
मग काय असतं?
"अटकी जाय छे," तेजलबेन म्हणाल्या.
आवाज अडतो.

अडतो.
तेवीस वर्षं लोकांच्या दंडाला पट्टा बांधून
मी दुसरं काय ऐकत आले?
ठोका, ठोका, ठोका,
मग नाही.
जिथं नाही, तो खालचा आकडा. लिहायचा.
त्या दिवसानंतर कॅन्ट एकदाही निसटला नाही.

एकच गोष्ट उशिरा कळली.
आर यू रेडी, त्यांनी विचारलं,
मी ऐटीत म्हटलं, येस, आय'म.
त्यांनी मान हलवली.
पुढं काही यायचं असेल तरच जोडायचं, मासी.
वाक्य तिथंच संपत असेल
तर पुरतं म्हणावं लागतं.

रात्री बारा नंबरच्या खाटेवरून
फणसे काकूंनी अंधारात विचारलं,
सिस्टर, आहेस का गं?
एरवी मी नुसतं हं करते, चालता चालता.
थांबले.
आहे, म्हटलं. मी आहे.

त्यांना फक्त खिडकी लावून हवी होती.