सिरपूर तलाव, जानेवारीतली मोजणी

धार रोड सोडून आत वळलं की
स्कूटरच्या हँडलवर बोटं थिजतात.
बांधाकडेची बेशरमाची फुलं
दवानं जड होऊन मान टाकून बसलेली,
आणि तळं जागेवर आहे की नाही
ते धुकं सांगत नाही.
ऐकू तेवढं येतं:
थापट्यांच्या चोची पाण्यात चाळणीसारख्या चालतात,
अंधारात कुणी ताक घुसळावं
तसा एक बुळबुळीत, समाधानी आवाज.

शिंत्रेकाका तिपाई रोवतात. "लिही."

चाळीस वर्षं त्यांनी गिरणीच्या गोदामात ठाणं मोजली.
गिरणीला टाळं लागलं त्या संध्याकाळीही
शिल्लक जुळवूनच घरी आले.
आता दर हिवाळ्यात बदकं.
रीत तीच:
दहाचा एक गठ्ठा नजरेत बांधायचा,
आणि तो पाण्यावरून पुढे पुढे ठेवत जायचं.

तलवार बदक, सहासष्ट.
चक्रांग, एकशे चाळीस,
त्यातले निम्मे झोपलेले,
पाठीच्या पिसांत चोच खुपसून, वारा नेईल तिकडे.
"मधल्यांचे दोन्ही डोळे मिटतात," काका सांगतात,
"कडेचा असतो ना, तो एक उघडा ठेवून झोपतो."
आमच्या घरात दाराजवळची खाट कुणाची होती
ते मला आठवतं.
वहीत त्याला रकाना नाही.

चक्रवाक, दोन.
पोथ्यांमधून रात्रभर विरहात ओरडणारं हे जोडपं
इथे नाल्याच्या तोंडाशी
एकमेकांकडे पाठ करून शेवाळ खातंय.
बरं चाललेलं दिसतं.

धुकं गुडघाभर वर सरकतं
तसे आधी शेकाट्यांचे नुसते पाय दिसतात, गुलाबी,
मग वरचे पक्षी.
एका उन्हाळ्यात उंच झालेल्या मुली
चालतात तसे ते चालतात,
प्रत्येक पाऊल चिखलाला विचारून.
बांधाच्या सिमेंटवर परीट
शेपटी आपटतोय.
कपडा नाही, साबण नाही,
आपटणं मात्र सकाळपासून चालू.

तेवढ्यात विमान.
विमानतळ पलीकडेच, त्यामुळे पोट दिसेल इतकं खाली,
चाकं बाहेर काढलेलं.
थर्मासचं झाकण खडखडलं.
पाण्यावर कुणी मान वळवली नाही.
एका टिबुकलीनं बुडी मारली,
पण तिची ती वेळच होती.

"चांदवे घे. तीनशे साठ. सत्तर. ऐंशी..."

आणि पाणकणसांमागून
भोवत्या आला.
एकटा, तपकिरी, पंख जरासे वर धरून,
काही हरवलेलं शोधत यावा तसा सावकाश.
आवाज नाही.
सावलीसुद्धा पुरती पडली नाही.

तळं उठलं.

नव्या कोऱ्या कापडाचं ठाण
या टोकापासून त्या टोकापर्यंत टर्रकन फाडावं
तसा आवाज आला,
आणि काका चमकले,
तो आवाज त्यांना माझ्याआधी कळला असणार.
चक्रांग सरळ वर, गोफणीतून सुटल्यासारखे,
चांदवे पाण्यावर धावतायत, धावतायत,
उडायचं कसं ते आठवेपर्यंत.
सगळा थवा एका अंगावर वळला, पांढरा झाला,
दुसऱ्या अंगावर वळला,
नाहीसा झाला,
मग पुन्हा होता.

काकांचा डोळा दुर्बिणीवर नव्हता.
मान वर. मफलर सुटलेला.
ओठ हलत होते,
पण आकडे नव्हते ते.

खाली ट्यूबवर बसून जाळं ओढणारा गेंदालाल
वर न बघताच म्हणाला,
"बैठो सा'ब. वी पाछा आवेगा."

आले.
दोनदोन, पाचपाच,
पाय पुढे करून घसरत, कुठल्याही जागी,
थापट्यांत तलवार, तलवारीत चांदवे,
सगळे गठ्ठे सुटलेले.

"खोड ते," काका म्हणाले.
मी खोडलं.
नवीन पान घेऊन वर लिहिलं, भोवत्या, एक,
तेवढं तरी पक्कं होतं.

"एकपासून," ते म्हणाले.
पण दुर्बिणीला डोळा लावायला
त्यांनी बराच वेळ घेतला.